दुसरी बॅटरी

गावाला वीज देणारी डीपी जळाली त्या आठवड्यात बंकट मरता मरता वाचला.

बंकट मेंढपाळ. साठी ओलांडलेला, उंच, हाडापेराचा माणूस. पण घरातल्या घरात मोरीपर्यंत जाऊन आला तरी खाटेवर बसून पाच मिनिटं धापा टाकायचा. तरुणपणी मेंढरं थोडी होती तेव्हा त्यानं बारा वर्षं खडी क्रशरवर काम केलं होतं. ती धूळ त्याच्या छातीत बसून राहिली होती. बीडच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं की फुफ्फुसं आखडलीत, औषधानं सैल होणार नाहीत, दिवसातले पंधरा-सोळा तास तरी ऑक्सिजन लावून ठेवा. एका संस्थेनं ऑक्सिजनची मशीन वापरायला दिली. गुडघ्याएवढी, चाकांची, हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारी. सिलिंडर भरून आणायची कटकट नव्हती. फक्त वीज लागायची.

आणि केजच्या अलीकडच्या त्यांच्या गावात नेमकी तीच नव्हती. जळालेली डीपी सहा दिवस बदलली गेली नाही. मुलगा सोमेश्वर आणि सून संगीता मेंढरांमागं रानात होते. घरी बंकट आणि त्याची बायको रतनबाई. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची नखं निळी पडली. रतनबाईनं शेजाऱ्याच्या रिक्षात त्याला घातलं आणि केजला नेलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तो तिला ओळखत नव्हता.

संगीता दवाखान्यात आली तेव्हा तिच्या पायाला रानातला चिखल तसाच होता. ती बराच वेळ सासऱ्याकडं बघत उभी राहिली. मग नवऱ्याला बाहेर बोलावून म्हणाली, "आता मामाला घरी ठिवायचं न्हाई."

"मग कुठं ठिवायचं?"

"गाडीत. आपल्यासंगं."

गाडी म्हणजे त्यांची पिकअप. वर्षातले आठ महिने हे कुटुंब तिच्यातच राहायचं. मागच्या हौद्यावर लोखंडी कमानी, त्यावर ताडपत्री, आत एक खाट, चुलीचं सामान, पिठाचे डबे, आणि कोपऱ्यात नुकती जन्मलेली कोकरं. सोमेश्वर दीडशे मेंढरं घेऊन पायी पुढं जायचा आणि गाडी संगीता चालवायची. लग्नाआधीच ती शिकलेली होती. तिचा बाप त्रिंबक केजमध्ये मोटार वायंडिंगचं दुकान चालवायचा, आणि दुकानात हाताखाली दुसरं कोणी नसल्यामुळं संगीता दहाव्या वर्षापासून तांब्याच्या तारा गुंडाळत आली होती.

त्रिंबकनं आधी नकारच दिला. मशीनच्या मागची पट्टी वाचून तो म्हणाला, "ही बया चार पंख्याएवढी वीज खाती, संगे. तीबी थांबून थांबून न्हाई, सलग. गाडीच्या बॅटरीवर लावलीस तर तासाभरात बॅटरी बसंल आन् गाडी बी सुरू हुनार न्हाई."

"गाडीच्या बॅटरीवर लावायचीच न्हाई आण्णा. दुसरी टाकायची. वर सोलर."

दोघांनी चार दिवस काम केलं. ताडपत्रीच्या कमानी उतरवून त्याजागी चौकोनी अँगल वेल्ड केले आणि त्यावर दोन मोठी सोलर पॅनल नट-बोल्टांनी आवळली. खाटेखाली दोन टपोऱ्या बॅटऱ्या एकमेकींना जोडून पट्ट्यानं बांधल्या. त्यांच्याजवळ इन्व्हर्टर. इंजिनापासून मागंपर्यंत त्रिंबकनं अंगठ्याएवढी जाड केबल ओढली. मध्ये एक रिले बसवला. इंजिन चालू असलं की रिले पुढची आणि मागची बॅटरी जोडून द्यायचा, म्हणजे गाडी चालता चालता मागच्या बॅटऱ्याही भरायच्या. इंजिन बंद झालं की तो दोन्ही वेगळ्या करायचा, म्हणजे मशीननं मागची सगळी वीज खाल्ली तरी गाडी सुरू करण्याएवढी पुढं शाबूत राहायची.

"या रिलेला हात लावायचा न्हाई," त्रिंबक म्हणाला. "काय बी झालं तरी."

"न्हाई लावत."

"आन् ऐक. ऊन आसलं तर रातचे सात तास निघतील, दिवसाचे सात-आठ. ऊन नसलं तर मी काय सांगू शकत न्हाई."

पोरीला एवढंच सांगून तो दुकानात गेला आणि बंकट गाडीत चढताना बाहेर आला नाही.

पहिले तीन आठवडे चांगले गेले. भाद्रपद असूनही उघडीप होती. बंकट गाडीच्या मागच्या फळीवर नाकात नळी घालून बसायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या मेंढरांना नावानं शिव्या द्यायचा. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी, नव्वद दाखवायचा. रतनबाईच्या भाकरीला तो पुन्हा नावं ठेवू लागला होता. एकदा संगीताला म्हणाला, "घरी आसतो तर कवाच गेलो असतो बघ." एवढं मोठं वाक्य त्यानं एका दमात म्हटलं, म्हणून संगीता हसली.

मग ते नेकनूरच्या बाजूला गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या माळाला उतरले. त्याचा मूग निघून रान मोकळं झालं होतं आणि लेंडीखतासाठी त्याला तीन रात्री मेंढरं बसवून हवी होती. माळ उंचावर होता. खाली ओढा. बाहेर पडायला एकच रस्ता, ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून. माळाच्या मागं डोंगर आणि त्या पलीकडं नुसतं रान.

शनिवारी सकाळी सोमेश्वर मेंढरं घेऊन ओढा ओलांडून समोरच्या उतारावर गेला. दुपारी वरच्या अंगाला आभाळ फुटलं. माळावर अजून थेंब पडत होते तोवर ओढ्यातून झाडाच्या फांद्या, कडब्याच्या पेंढ्या आणि एक मेलेली शेळी वाहत आली. तासाभरात पूल दिसेनासा झाला.

सोमेश्वर पलीकडच्या काठावर उभा राहून ओरडत होता. पाण्याच्या आवाजात संगीताला अर्धंच ऐकू आलं.

"...वर नेतो! ...उद्या नेकनूरला... माणसं घिऊन येतो!"

तिनं दोन्ही हात वर केले. मग पाऊस इतका दाट झाला की पलीकडचा काठच दिसेना.

त्या संध्याकाळी मागच्या बॅटऱ्या तीन चतुर्थांश भरलेल्या होत्या. रविवारी पहाटे त्या संपल्या. इन्व्हर्टरनं तीन वेळा शिट्टी दिली आणि मशीनचा खर्ज आवाज थांबला. बंकट जागा झाला आणि नळी चाचपू लागला.

उजाडलं, पण सूर्य काही उगवला म्हणता येईना. आभाळ भाकरीच्या तव्याएवढं काळं होतं. संगीता गाडीवर चढून साडीच्या पदरानं पॅनलवरचं पाणी निपटून काढत होती, तरी पॅनलच्या मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. तासभर वाट पाहिली तर पाच मिनिटं मशीन चालेल एवढी वीज. तिनं खाली उतरून इंजिन सुरू केलं, ॲक्सिलेटरवर दगड ठेवला, आणि रिले खट् करून लागला. मशीन पुन्हा सुरू झाली.

टाकीत पाव टाकीपेक्षा कमी डिझेल होतं. माळावरून निघाल्यावर नेकनूरला भरायचं ठरलं होतं. संगीतानं तासभर इंजिन चालवायचं आणि तासभर बंद ठेवायचं असं सुरू केलं. बंदच्या तासात मागं साठलेल्या विजेवर मशीन थोडी चालायची, मग बंकट थांबून राहायचा. हळूहळू श्वास घ्यायचा, ओठ आवळून फुंकर घातल्यासारखा सोडायचा, डॉक्टरांनी शिकवला होता तसा. त्याचे डोळे सतत संगीताच्या हाताकडं असायचे, किल्लीकडं.

फोनला रेंज नव्हती. टॉवरचीही वीज गेली असणार. दिवसभर ती ओढ्याकडं जाऊन येत होती. एका दगडाला तिनं खूण केली होती. संध्याकाळी तो दगडच पाण्याखाली होता.

डिझेलचा काटा लाल पट्टीवर आला तेव्हा तिनं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून ब्लाऊजमध्ये टाकली.

"कावून बंद केलंस?" रतनबाईनं विचारलं.

"आत्या, एवढंच ऱ्हायलंय. पानी उतरलं की मामाला बीडला न्यायला गाडी तर सुरू झाली पायजे."

रतनबाई खाटेवर चढली. ती नवऱ्याच्या पाठीशी बसून राहिली, त्याला स्वतःच्या छातीवर टेकवून, कारण आडवा झाला की त्याला मुळीच श्वास येत नव्हता. ती रात्र त्यांनी तशीच काढली. साठलेल्या विजेवर जेमतेम दोन तास मशीन चालली.

सोमवारी सकाळी यंत्रावर आकडा होता एकाहत्तर. मग अडुसष्ट. बंकटचे ओठ जांभळे झाले होते आणि कपाळाला गार घाम. पाऊस रिमझिम पडतच होता.

"संगे," तो म्हणाला. मध्ये श्वास. "चालू कर."

"मामा, पानी उतरू द्या. दुपारपस्तोर ते येतील."

"चालू... कर." त्यानं तिचं मनगट धरलं. त्या माणसाच्या हातात अजून इतका जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. तो घाबरला होता. आयुष्यभर लांडग्यांमागं काठी घेऊन धावलेला हा माणूस, आणि त्याचे डोळे आता नुसते भीतीनं भरले होते. त्या डोळ्यांकडं बघणं तिला जमेना.

रतनबाई उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चावी दे."

"आत्या, समजून घ्या. डिझेल संपलं तर पानी उतरल्यावर—"

"पानी उतरल्यावर कुनाला नेनार हाईस तू? मढं?" रतनबाईनं हात पुढं केला. "तुझा हिशेब मला कळत न्हाई. माझ्यासमोर जीव चाललाय त्याचा. तू मारायलीस त्याला. दे."

संगीतानं किल्ली दिली नाही. ती स्वतः पुढं गेली आणि इंजिन सुरू केलं. दोनदा किल्ली चुकली. मशीन चालू झाली, बंकटनं डोळे मिटले, आणि आकडा वर चढू लागला. पंचाहत्तर. एकोणऐंशी. त्र्याऐंशी. ती स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसली आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. पन्नास मिनिटांनी इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं. टाकी कोरडी.

आता गाडी कुठंच जाणार नव्हती.

तेव्हा संगीताच्या लक्षात आलं की आता पुढची बॅटरी शाबूत ठेवण्यात काही अर्थ उरला नाही. सुरू करायला इंजिनच नाही. तिनं पाना घेतला, बॉनेट उघडलं आणि बापानं हात लावू नको म्हणून सांगितलेल्या रिलेवरच्या दोन्ही केबली सोडवून एकमेकींना थेट जोडल्या. टोक टेकताना ठिणगी उडून तिच्या अंगठ्याला चटका बसला. मशीन सुरू झाली.

"ही किती येळ?" रतनबाईनं विचारलं.

"तासभर. न्हाई तर तेवढी बी न्हाई."

"मग?"

संगीता खाली उतरली. ती चिखलातून माळाच्या कडेला जाऊन उभी राहिली. ओढ्यातला खुणेचा दगड दिसू लागला होता, पण पूल अजून नाही. पलीकडं कुणी नव्हतं. ती तिथंच बांधावर बसली. आपण या म्हाताऱ्याला सुखासुखी दवाखान्याजवळ ठेवायचं सोडून रानात आणलं. आपल्याला येतं म्हणून, तारा जोडता येतात म्हणून. तिच्या मनात हे एवढंच फिरत होतं.

आणि मग तिला ऐकू आलं. टिक्. टिक्. टिक्.

आधी तिला वाटलं पावसाचं पाणी कशावर तरी ठिबकतंय. पण आवाज एका तालात होता. ती उठून आवाजाच्या दिशेनं गेली. गहिनीनाथच्या तुरीच्या रानाला तारेचं कुंपण होतं आणि कोपऱ्यात, पत्र्याच्या डब्यात, झटका मशीन चालू होती. रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून तारेत झटका सोडणारी. सगळ्या शिवारात वीज नव्हती आणि ही तेवढी टिकटिकत होती. तिनं डबा उघडला. आत ट्रॅक्टरची जुनी बॅटरी होती.

तिनं पुढं काही विचार केला नाही. चिमटे काढले आणि बॅटरी छातीशी धरून उचलली. वीस पावलं गेली नसेल तोच मागून आवाज आला.

"कोन हाय बे तिकडं? ठिव खाली! ठिव म्हनतो ना!"

गहिनीनाथ गुडघाभर चिखलातून हातात कोयता घेऊन येत होता. पन्नाशीचा, डोक्यावर खताचं रिकामं पोतं पांघरलेला. जवळ आल्यावर त्यानं तिला ओळखलं. "तुमी? तुमच्यावर इस्वास ठिवून रानात उतरू दिलं, आन् तुमी चोऱ्या करता?"

"भाऊ, सासऱ्याचा श्वास बंद पडायलाय." ती म्हणाली. "मशीनला वीज न्हाई. तासाभरात सगळं संपतंय. मी परत आनून लावते, तुमच्या पाया पडते, पर आता अडवू नका."

"आन् डुकरं शिरली म्हंजे? सोयाबीन तर गेलंच पान्यात. ही तूर तेवढी ऱ्हायलीय माझी."

तिनं बॅटरी छातीशी आणखी घट्ट धरली. गहिनीनाथनं तिच्याकडं पाहिलं, मग पिकअपकडं, जिथं रतनबाई नवऱ्याला धरून बसलेली लांबून दिसत होती.

"दावा मला," तो म्हणाला.

त्यानं गाडीत डोकावून बंकटचा चेहरा पाहिला आणि कोयता खाली ठेवला. "एक बॅटरी किती येळ पुरंल?"

"जुनी हाय. अर्धा तास."

"फवारनीच्या पंपाची चालंल का? पाठीवरच्या पंपाला बारीक बॅटरी आसती ती. माझ्याकडं दोन पंप हायेत. वस्तीवर आनखी चार घरं हायेत, समद्यांकडं पंप हाय."

संगीता त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. दोन दिवस ती पॅनल पुसत होती, ओढ्याचं पाणी मोजत होती, आणि हे तिला सुचलं नव्हतं. "चालंल भाऊ. एकटी दम धरनार न्हाई, पर सगळ्या एकत्र जोडल्या तर चालंल. लवकर."

गहिनीनाथ पळत गेला. पन्नाशीचा माणूस चिखलात दोनदा पडला आणि उठून पुन्हा पळाला.

तोवर संगीतानं खाटेखालच्या दोन मोठ्या बॅटऱ्या इन्व्हर्टरपासून सोडवल्या. त्या रिकाम्या होत्या, त्यांना भरलेल्या बारक्या जोडल्या असत्या तर सगळी वीज त्यांनीच पिऊन टाकली असती. त्यांना फक्त पॅनलची तार जोडून ठेवली. झटका मशीनची बॅटरी इन्व्हर्टरजवळ तयार ठेवली. पुढची बॅटरी संपली तेव्हा मशीन अर्धा मिनिट बंद पडली आणि बंकटनं पाय झाडले. संगीतानं झटका मशीनची बॅटरी लावली तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.

गहिनीनाथ आणि वस्तीवरची छबुबाई म्हणून एक बाई, दोघं डोक्यावर घमेली घेऊन आले. घमेल्यांत सहा बॅटऱ्या, विटेएवढ्या. संगीतानं पिठाचे डबे बाजूला सारून त्या ओळीनं मांडल्या आणि लाल-काळ्या तारा सोलून एकीला एक जोडत गेली. पक्कड शोधायला वेळ नव्हता म्हणून तिनं त्या दातांनी सोलल्या. छबुबाई तिच्या डोक्यावर पोतं धरून उभी होती. गहिनीनाथ सारखं विचारत होता, "झालं का? झालं का?"

झालं. आकडा शहात्तरवर अडकला होता तो पुन्हा ऐंशीवर गेला.

"आता किती येळ?" रतनबाईनं पुन्हा तेच विचारलं.

"दीड तास."

त्या दीड तासात पाऊस थांबला. ऊन पडलं नाही, पण आभाळ काळ्याचं राखाडी झालं आणि पॅनलवरचा काटा थोडा हलला. मोठ्या बॅटऱ्यांत थेंब थेंब वीज साठू लागली. संगीता मीटर आणि ओढा यांच्यामध्ये येरझारा घालत होती. बारक्या बॅटऱ्या गरम होऊ लागल्या होत्या. तिनं एकीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

बाराच्या सुमाराला पलीकडच्या काठावर ट्रॅक्टर दिसला. मागं ट्रॉली, ट्रॉलीत सोमेश्वर आणि नेकनूरची पाच-सहा माणसं, दोरखंड घेऊन. पाणी पुलावरून अजून कमरेएवढं वाहत होतं. ट्रॅक्टरवाल्यानं काठावर थांबून बराच वेळ पाण्याकडं पाहिलं. मग दोन माणसं दोर धरून पुढं उतरली, पायानं पूल चाचपत. त्यांच्यामागं ट्रॅक्टर हळूहळू अलीकडं आला.

सोमेश्वर खाली उडी मारून गाडीकडं धावला. बापाचा चेहरा पाहून तो जागीच थांबला. त्याच्या स्वतःच्या तोंडावर तीन दिवसांची दाढी आणि चिखल होता.

"मेंढरं?" बंकटनं विचारलं.

"हायेत आबा. तुमी बोलू नका."

सगळी नव्हती. कितीतरी वाहून गेली होती, पण ते त्यानं बीडला पोचल्यावर चार दिवसांनी सांगितलं.

पिकअप ओढून न्यायला वेळ नव्हता. त्यांनी खाट तशीच उचलून ट्रॉलीत ठेवली. बंकटच्या शेजारी मशीन, मशीनशेजारी इन्व्हर्टर, आणि घमेल्यांत सगळ्या बॅटऱ्या. एक मोठी बॅटरीही संगीतानं सोडवून घेतली होती. रतनबाई नवऱ्याला मागून धरून बसली. ट्रॅक्टर पाण्यात उतरला तेव्हा ट्रॉली आडवी ओढली गेली आणि घमेली सरकली. बारक्या बॅटऱ्यांची तार तुटली. मशीन बंद.

"संगे!" रतनबाई ओरडली.

ट्रॉलीच्या फळ्यांमधून पाणी आत येत होतं. संगीतानं मोठी बॅटरी मांडीवर ओढून घेतली, इन्व्हर्टरचे दोन्ही चिमटे तिच्या टोकांवर दाबून धरले. त्यातल्या एका चिमट्याची स्प्रिंग तुटलेली होती. तो सोडला की निसटत होता. म्हणून तिनं तो मुठीत आवळून धरला, आणि तांबं तापू लागलं तरी सोडला नाही. मशीन चालू झाली. पाणी तिच्या पायांना लागत होतं, ट्रॅक्टरवाला शिव्या देत होता, सोमेश्वर खाट दोन्ही हातांनी वर उचलून धरून उभा होता. पूल असेल साठ-सत्तर फुटांचा. नंतर तिला तेवढं अंतर आठवायचं नाही. फक्त हात आठवायचा.

रस्त्यावर सोमेश्वरनं बोलावलेली ॲम्ब्युलन्स उभी होती. आतल्या माणसानं सिलिंडरची नळी बंकटला लावली आणि संगीताला म्हणाला, "ताई, सोडा आता." तिला मूठ उघडता येईना. त्यानंच एकेक बोट सोडवलं.

बीडच्या दवाखान्यात बंकट अकरा दिवस होता. त्याला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, वाचलेत, पण आता सोळा तासांनी भागणार नाही, चोवीस तास लावावा लागेल. आता रानात जायचं नाही. त्रिंबक येऊन गेला आणि म्हणाला, माझ्या दुकानामागं खोली हाय, केजला लाईट बरी ऱ्हाती, तिथं ठिवा दोघांला. सोडवलेल्या रिलेबद्दल त्यानं विचारलं नाही. संगीताच्या हातावरची पट्टी मात्र त्यानं दोनदा उलटून बघितली.

पाचव्या दिवशी गहिनीनाथचा फोन आला. पिकअप त्यानं ट्रॅक्टरनं ओढून वस्तीवर नेऊन लावली होती. संगीतानं तुरीचं विचारलं.

"दोन राती कुंपन बंदच होतं ना. घुसली डुकरं. निम्मी खाल्ली." मग म्हणाला, "म्हातारा कसाय?"

"बरा हाय."

"मग झालं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

रतनबाई त्या माळावर बोलली त्याविषयी पुन्हा एक शब्द बोलली नाही. माफी मागितली नाही, बाजूही मांडली नाही. पण वॉर्डात संगीताच्या उजव्या हातानं घास घेता येत नव्हता तेव्हा ती भाकरी कालवणात कुस्करून ताट तिच्या डाव्या हाताकडं सरकवायची, आणि मग तोंड फिरवून नवऱ्याकडं बघत बसायची.

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी दुपारी वॉर्डातली लाईट गेली. पंखे हळू होत थांबले. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बोलत होते तसेच बोलत राहिले, कुणी तरी वर्तमानपत्रानं वारा घेऊ लागलं. बंकट मात्र ताडकन उठून बसला. त्यानं संगीताचं मनगट धरलं, तेच, माळावर धरलं होतं तसं.

"मामा, हे लाईटवर न्हाई," संगीता म्हणाली. "हे भिंतीतनं येतंय, मोठ्या टाकीतनं. बघा, चालूच हाय."

त्यानं भिंतीतल्या नळाकडं पाहिलं. नळाला लावलेल्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे वर येत होते. त्यानं मान हलवली, पण हात सोडला नाही. संगीताचंही लक्ष बुडबुड्यांवरच होतं, आणि तिच्या ध्यानात आलं की तिनंही श्वास रोखून धरलाय.

खाली कुठंतरी जनरेटर सुरू झाला. पंखे फिरू लागले.

"किती येळ चालंल?" बंकटनं विचारलं.

"चालंल मामा," ती म्हणाली. "तुमी आडवं व्हा."

तो आडवा झाला नाही. उशीला टेकून, तिचं मनगट तसंच धरून, पंख्याकडं बघत बसून राहिला.